तलावात माती

मिस ऑर्लेथा गेन्सचं ब्यूटी पार्लर होतं. मी तिच्या हाताखाली बायकांचे केस धुवायचे. अलाबामातल्या आमच्या शहरात गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या काळ्या बाया नोकरी जाईल म्हणून हक्कांच्या मोर्चाचं नावही काढत नसत. मिस ऑर्लेथाची गिऱ्हाइकं सगळी आपलीच, त्यामुळे तिच्या पोटावर पाय देणारं कुणी नव्हतं. साहजिकच पुढारीपण तिच्याकडे आलं.

तिचा एकुलता एक रेमंड नदीत बुडाला होता. शहराचा पोहण्याचा तलाव फक्त गोऱ्यांसाठी, म्हणून आमची पोरं नदीच्या भोवऱ्याजवळ डुंबायची. रेमंडला मूठमाती दिल्यावर ती न्यायालयात गेली. धमक्या आल्या, पार्लरच्या काचा फुटल्या, दोनदा तुरुंग झाला. पण शेवटी निकाल लागला: तलाव सगळ्यांना खुला करा.

त्या शनिवारी आम्ही पोरांना घेऊन निघालो. खांद्यावर टॉवेल, टोपलीत तळलेली कोंबडी. फाटकाशी पोचलो. तलावात पाणी नव्हतं. एक ट्रक मागे सरकला आणि त्याने तांबडी माती धाडकन आत ओतली.

"हे काय चाललंय?" मिस ऑर्लेथाने शिपायाला विचारलं.

"तलाव बंद. कायमचा. नगरसभेने ठरवलंय."

"अहो, न्यायालयाने उघडायला सांगितलंय!"

"सगळ्यांना सारखं वागवा, असं सांगितलंय," तो हसला. "वागवलं की! आता कुणीच पोहायचं नाही."

आम्ही शिव्या, काठ्या, कुत्री, सगळ्याची तयारी ठेवली होती. पण आमच्या पोरांबरोबर पाण्यात उतरायला नको म्हणून हे लोक स्वतःच्या पोरांचाही तलाव बुजवतील, हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मिस ऑर्लेथा चपला काढून शिडीने तलावात उतरली आणि मातीच्या ढिगापुढे उभी राहिली. दुसरा ट्रक मागे येत होता. तो चालवणारा आमच्याच चर्चमधला क्लीओफस टेट निघाला! आम्हाला दुसरा धक्का बसला.

"मिस ऑर्लेथा, बाजूला व्हा हो," तो रडवेला झाला. "नोकरी जाईल. घरी चार लेकरं आहेत मला."

"मला एकच होतं, क्लीओफस."

त्याने ट्रक बंद केला, खाली उतरला आणि चालू लागला. नोकरी गेलीच. तिला पोलिसांनी उचलून नेलं. संध्याकाळपर्यंत तलाव बुजला.

सुटून आल्यावर कितीतरी दिवस ती नुसती खिडकीशी बसून असायची. मग एका सकाळी मला म्हणाली, "ज्या खुर्च्यांवर बसून त्यांनी हे ठरवलं ना, त्यातली एक मला हवी."

आमच्या लोकांना मतदार म्हणून नोंदवण्यात वर्षं गेली. दोनदा ती हरली, तिसऱ्यांदा नगरसभेत निवडून आली. आमच्या वस्तीत नवा तलाव झाला. उद्घाटनाला गोरी माणसंही पोरं घेऊन आली. ती फाटकापाशी उभी राहून प्रत्येक पोराला विचारत होती, "पोहता येतं का रे? नाही? मग आधी शिकायचं, तिकडे उथळ पाण्यात जा."