गाडी कुणी भरायची

"तुमी करा की, मी बघते."

नवी बाई कामाला लागली की आमची सुपरवायझर एवढंच म्हणायची आणि उलट्या क्रेटवर बसून राहायची. शिकवायची नाही, ओरडायची नाही. नुसती बघायची. असं कुणी बघत बसलं की हात कसे अवघडतात, ते तुम्हालाही माहीत असेल.

सोलापुरातल्या चादरींच्या गोदामात मी पॅकिंगला होते. सुपरवायझर मैंदर्गीची, माझ्या लेकीच्या वयाची. पण कुणाला काय जमेल हे तिला बरोबर कळायचं. झाडू मारणाऱ्या एका बाईला तिनं माल निवडायला बसवलं. "हिची नजर रंगाला चुकत न्हाई," म्हणाली. खरंच चुकली नाही.

मग गेटवर गाड्या भरून घ्यायला एक बाई हवी होती. ती जागा मला पाहिजे होती. माझ्याइतकी चपळ तिथं कोण होती? धाकटी जाऊ तर माझ्याच ओळखीनं लागलेली आणि सगळ्यात मंद.

सुपरवायझरनं आम्हा दोघींना एकेक टेम्पो भरायला दिला. दोन्हीत माल मंगळवेढ्याचा आणि माळशिरसचा. मी मोठ्या गाठी आत, लहान दाराशी, अशी भिंतीसारखी गाडी रचली. जाऊ ड्रायव्हरशी बोलत उभी.

"गप्पा माराय आलीस व्हय गं?" मी ओरडले.

सुपरवायझरनं माझ्या गाडीत डोकावलं. "आक्का, मंगळवेढा आधी लागतंय. तितला माल तुमी आत कोंडलाय. वाटंत सगळी गाडी उपसायची व्हय?"

जावेनं ड्रायव्हरला तेच विचारून घेतलं होतं. मंगळवेढ्याचा माल तिनं दाराशी ठेवला होता.

जागा तिला मिळाली. दुपारी सुपरवायझर तिला जवळ बसवून कुठला रस्ता कुठं जातो ते शिकवायची. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. चटणी मी कुटलेली, सुपरवायझर खायची मात्र जावेच्या डब्यातून. मला म्हणाली, "आक्का, तुमची घडी लई देखणी. नव्या बायकांना शिकवा." शिकवली. पण माझ्या शेजारी ती कधी येऊन बसली नाही.

आता सुपरवायझर पुण्याच्या मोठ्या गोदामात गेली. मीही काम सोडलं. जाऊ घरी आली की तिला फोन लावते, हसून हसून बोलते. मी बाजूला भाजी निवडत असते. शेवटी पलीकडून आवाज येतो, "आक्का कशा हायत?"

"बऱ्या हायत," जाऊ म्हणते.

फोन माझ्याकडं देत नाही. मीही मागत नाही.