गतिरोधकापाशी उतरणारी माय

रिसालीत आमच्या घरासमोरून एक जुनी, छोटी मोटार रोज जाई. गुडघे दुखणाऱ्या आईला शेक घ्यायला दवाखान्यात नेता यावे, म्हणून गल्लीतल्या एका मुलाने ती घेतली होती. मग सुपेल्याच्या गॅरेजात त्याने गाडीला वेगासाठी जमिनीलगत आणले आणि मोठा सायलेन्सर लावला. आता प्रत्येक गतिरोधकापाशी तो म्हणे, "माय, उतर जराशी. खालून घासून राहिली." माय उतरे. गाडी गर्जना करीत मुंगीच्या चालीने पलीकडे जाई. माय लंगडत येऊन पुन्हा चढे.

एकदा आमच्या दारासमोरच्या गतिरोधकापाशी माय उतरत असताना मी त्याला विचारले, "किती पळते?"

"हायवेवर कोनी पुढं जाऊन दाखवा, भाऊ!"

त्या दिवशी माय पुन्हा चढली नाही.

"तू ये आरामानं, बाबू," ती चालता चालता म्हणाली. "मी तवरीक नंबर लावून ठेवतो."