खरी महागनी

भवानी पेठेत जुनं फर्निचर विकणारे एक काका आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या दुकानातली प्रत्येक वस्तू महागनीची असते. कपाट थोपटत ते म्हणतात, "इंग्रजाच्या काळातलं हाय की! लई दुर्मिळ."

परवा लाकूडशास्त्र शिकवणारा माझा मेहुणा सोबत होता. त्यानं एक खुर्ची उलटी करून पायाच्या कापलेल्या टोकावर भिंग धरलं. लाकडातली बारीक छिद्रं आणि फिकट रेघा पाहून तो म्हणाला, "काका, ही खरोखरच महागनी आहे."

काका हरखले. मग दुकानभर नजर फिरवून कुजबुजले, "मोठ्यानं बोलू नका. गिऱ्हाईक विचारंल की, मग बाकीचं काय हाय?"

आता त्या खुर्चीवर ते स्वतः ऐटीत बसतात. कुणी तिचा भाव विचारलाच, तर सांगतात, "साधी बाभळीची हाय. ती ऱ्हाऊ द्या."