मोरूनं बोलावलं

मोरूभावजींच्या गोष्टींचं असं आहे बघा, एक सांगायला घ्यावी तर तिचा पदर धरून दुसरी येते. परवा त्यांच्या वर्षश्राद्धाला आळीतल्या बायका माझ्याकडे वडे थापायला जमल्या. वडे राहिले बाजूला आणि गोष्टींचाच ढीग पडला! शेवटी मीच ओरडले, "अगं बायांनो, हात चालवा! गुरुजी यायची वेळ झाली."

मोरूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. अंगानं पहिलवान, समज पाच वर्षांच्या पोराची. आमच्या कल्याणात तोंडावर त्यांना कुणी वेडा म्हणत नसे, पाठीमागे म्हणत. म्हणोत बापडे! सासूबाईंना मात्र उठता-बसता एकच घोर. "माझ्यामागं याचं पान कोण मांडेल गं?" मी ठाण्याहून लग्न होऊन आले तेव्हा परकरी पोर होते, तेव्हापासून हेच ऐकत आले.

*

त्यांच्या मुंजीची गोष्ट सासूबाईंनी सांगितलेली.

बटूच्या कानात गायत्री मंत्र सांगतात, तो किती गुप्त! वर उपरणं काय धरतात, मंगलाष्टकवाल्यांना गप्प काय करतात. भावजींना ते फारच आवडलं. उपरणं दूर झालं तसे उठले आणि मांडवात दिसेल त्याच्या कानाला लागले. आचाऱ्याच्या कानात, न्हाव्याच्या कानात, गोठ्यातल्या गाईच्या कानात! आणि शेवटी आईच्या. बाईमाणसाच्या कानात गायत्री! गुरुजींनी कपाळाला हात लावला.

मामंजी म्हणाले, "गुरुजी, घाबरू नका. त्याला स्वतःला येत नाहीये, तो दुसऱ्याला काय सांगणार?"

पण सासूबाई एकदा ताक घुसळताना मला हळूच म्हणाल्या, "सूनबाई, मला गायत्री माझ्या मोरूनं दिली हो." आणि पुटपुटून दाखवली. काय सांगू, पहिला शब्द बरोबर होता!

*

शाळेत पंतोजींनी हात टेकले, तेव्हा सासूबाईंनी भावजींना काम लावून दिलं. आमच्यात जेवणावळीचं आमंत्रण आदल्या दिवशी जातं. पण पानं मांडली की पुन्हा दारोदार बोलवायला जावं लागतं, त्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. तिकडे यजमान खोळंबलेला, इकडे जेवणारे सोवळं नेसून आपापल्या ओटीवर बसलेले. पोटात कावळे ओरडताहेत, पण बोलावणं आल्याशिवाय उठतील तर शपथ!

आळीत कुणाकडेही जेवण असो, हे दुसरं बोलावणं मोरूभावजींचं. "पानं मांडली, चला!" अशी आरोळी ठोकायची आणि माणूस ओटी उतरेपर्यंत हलायचं नाही. आमंत्रण कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधीच शिरलं नाही.

सगळ्या पंगती उठल्या की ते स्वयंपाकघराच्या दारात यायचे. "आई, वहिनी, पानं मांडली, चला!" चुलीपाशी घामाघूम झालेल्या बायकांना बोलावणं करायचं असतं, हे आमच्या आळीत दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं. सासरी मला जेवायला बोलावणारा पहिला माणूस तो. मी ते जन्मात विसरायची नाही. आणि आम्ही बसलो तरी स्वतः बसायचे नाहीत. सगळ्यांचं झालं की मग एकटे, चुलीपुढे.

*

आमच्या समोर तात्या आणि बापूवकील हे सख्खे भाऊ राहायचे. घरं शेजारी-शेजारी, तोंडं विरुद्ध दिशेला. कारण काय, तर एकाच्या पन्हळीचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडतं!

तात्यांच्या मुलाची मुंज निघाली. बापूंना आमंत्रण नव्हतं. पण भावजी गेले आणि त्यांच्या ओटीसमोर उभे. "पानं मांडली, चला!" बापूंनी समजावलं, दटावलं, आत जाऊन बसले. बाहेर आरोळी चालूच. ठाण्याच्या कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण इथं काही चालेना. अखेर सोवळं नेसून निघाले मुकाट्यानं, आणि पाटावर जाऊन बसले.

आता पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं कसं? तात्या तूप वाढत वाढत आले आणि थांबले.

"तुला कोणी बोलावलं?"

"मोरूनं."

तात्यांनी वाटी कलती केली. "मग तूप घे!"

पन्हळ अजून तिथंच आहे बरं. पाणीही पडतं.

*

माझ्या थोरल्याच्या बारशाला तर कहर! आळी बोलावून झाली तरी भावजींचा उत्साह उतरेना, ते थेट स्टेशनावर गेले. घाटावरून आलेली गाडी इंजिन बदलायला उभी होती. हे डब्यागणिक ओरडत निघाले, "पानं मांडली, चला!"

आणि लोक उतरले ना! सकाळपासूनचे उपाशी. गार्ड शिट्ट्या मारतोय, मास्तर हात जोडतोय, आणि आमच्या दारात ही गर्दी! सासूबाईंनी एकदा बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "आमटीत पाणी घाला. अंगणात दुसरी पंगत मांडा."

त्यात खडवलीचा एक कुणबी होता, डोक्यावर आंब्यांची पाटी. तो सासूबाईंना म्हणाला, "आये, विकाया चाललेलो. तुझ्या पोरानं हात धरला, सोडतच नाय!" पाटी त्यानं पाळण्याखाली ठेवली. अजून दर उन्हाळ्यात त्याच्याकडून पाटी येते, आणि माझा थोरला आता मिशा पिळतो!

*

मग सासूबाई गेल्या. मामंजी आधीच गेलेले. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं, नाशिकहून यांचे मोठे काका आलेले. ओटीवर सगळ्यांदेखत ते म्हणाले, "मोरूला मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवून टाका. सुनेनं का म्हणून करावं?"

सुनेला विचारलं होतं का कुणी? माझा नुसता संताप झाला! पण काकांपुढे आमच्या यांचा आवाज फुटेना, आणि मी दाराआड.

एवढ्यात भावजी बोलावणं करून आले, मागे अख्खी आळी. आमंत्रण होतं तेही आणि नव्हतं तेही. काका खेकसले, "एवढ्या माणसांना कोणी बोलावलं?"

सगळे एका आवाजात, "मोरूनं!"

मग बापूवकील पुढे झाले. "काका, पानावर बसलेल्या माणसाला उठवतात का हो तुमच्या नाशकात?"

"नाही."

"मोरूचं पान त्याच्या आईनं या घरात मांडलंय. तुम्ही उठवणारे कोण?"

काका संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी त्या दिवशी बापूंना जिलबीचा आग्रह इतका केला की त्यांनी पानावर आडवे हात धरले.

*

आणि गेल्या वर्षीची गोष्ट. भावजींचा ताप हटेना. डाक्तर येऊन गेले, बाहेर जाऊन आमच्या यांच्याशी हलकंच बोलले. मला काय ते कळलं. दोन दिवस घरात चूल धड पेटली नव्हती.

ऐन दुपारी पाहते तर अंथरूण रिकामं! धावत ओटीवर आले. भावजी भिंतीला धरधरून आळीतून चाललेले, आणि दारोदार आरोळी, "पानं मांडली, चला!" आवाज कसला, नुसता वारा.

आमच्या घरातून धूर निघत नाही, हे आळीला दिसत होतं. तरी दारं उघडली. तात्या आले सोवळं नेसून, बापू आले. मागोमाग बायका, पदराखाली झाकून कुणाचा भात, कुणाची आमटी, कुणाकडची नुसती चटणी. मी पानं मांडली. भावजी दाराला टेकून पंगतीकडे बघत होते.

"वहिनी, कोणी राहिलं का?"

"नाही हो भावजी. सगळे आले."

"मग मी बसतो," म्हणाले.