शालीकरामचा रिकामा स्टँड

गोंदिया स्टेशनबाहेर शालीकरामचा सायकल स्टँड आहे. बावीस वर्षांपूर्वी तो बोदलकसा गावाकडून आला आणि इथलाच झाला. मी कचेरीतला कारकून. सौंदडहून आम्ही चाळीसेक माणसं सकाळी रेल्वेने कामाला येतो, आमच्या सायकली रात्रभर त्याच्याकडे असतात. बिल्ला नाही, चिठ्ठी नाही. कोण कोणत्या रेल्वेने येतो ते त्याला पाठ, त्याच क्रमाने तो सायकली लावतो. आम्ही उतरेपर्यंत चाकात हवासुद्धा भरलेली असते.

यंदा त्या जागी मोटारींचं पार्किंग करायचं घाटत होतं. मोटारवाल्यांनाही जागा हवीच, ते काही चोर नाहीत. पण म्हणून आम्हीच का उठायचं? रेल्वेचे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि या भल्या माणसाने स्टँड झाडला, सडा टाकला, उरलेल्या सात सायकली भिंतीला चिकटवून ठेवल्या. साहेब आले भर दुपारी. तेव्हा आमच्या सायकली आमच्यासोबत कामावर. "यहाँ तो सब खाली है," म्हणत त्यांनी कागदावर 'जागा रिकामी' लिहिलं. गुरुवारी दुपारी मोजमापाला येतो म्हणाले.

संध्याकाळी हे ऐकून माझं डोकंच फिरलं. "सायकली भितीले कायले लावल्या गा? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला!"

"पाव्हणा येऊन राहिला होता बाबूजी. घर झाडावं लागते ना." त्याचा चेहरा इतका पडला की मलाच लाज वाटली.

तोडगा काढला आमच्यातल्याच नंदाबाईंनी. त्या फुलचूरच्या शाळेत स्वयंपाक करतात. "बेस्तवारी पायी जाऊ सारे. सायकली राहू द्या उभ्या."

गुरुवारी सगळे चालत निघाले. फुलचूरच्या रस्त्याला चालायला कडच नाही, उभ्या मोटारी आणि ट्रक यांच्या मधून जीव मुठीत धरून जायचं. मी अर्धी रजा टाकून दुपारी परतलो, तर साहेब भरलेला स्टँड पाहत उभे. "आज तो फुल है!"

बस, एवढंच तर हवं होतं. पण शालीकरामने हात जोडले. "खोटं नाई बोलत साहेब. दुपारी रोज खालीच राहते. आज मुद्दाम ठेवल्या."

त्याचा गळाच धरावा असं वाटलं मला.

"फिर लोग कैसे गए?" साहेबांनी विचारलं.

"पायी. पाचपर्यंत बसा, दिसतीन." त्याने आपलं स्टूल पुसून पुढे केलं. साहेब का कोण जाणे, बसले.

पाचनंतर एकेक जण येऊ लागला. सगळ्यांत शेवटी नंदाबाई आल्या, चप्पल हातात, टाचेला फोड. त्यांनी आपल्या सायकलीच्या सीटवर हात टेकला.

"साहेब, आज एक दिवस चाललो. तुमी म्हणान तर रोज चालू. पण रस्त्यावर चालाची जागा दाखवून द्या."

साहेब स्टुलावरून उठले. खिशातला कागद काढून त्यांनी 'रिकामी' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'सायकली कामावर'.