अक्कांचे नापास

आमच्या अक्का कोणत्याही इंग्रजी शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहीत नसत. सोनगीरच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. बाई म्हटलेलं चालायचं नाही, अक्काच म्हणावं लागे. जो ज्या धड्यात नापास, त्यानं तो धडा धाकट्या वर्गाला शिकवायचा, हा त्यांचा नियम. म्हणायच्या, "ज्याला येतं त्याला काय ठाऊक, कुठं अडतं ते?"

मी दहावीला इंग्रजीत दोनदा नापास. आधी बावीस, मग सत्तावीस. लागत होते पस्तीस. दहावी झाल्याशिवाय धुळ्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला प्रवेश नव्हता, आणि ही शेवटची खेप, असं वडिलांनी बजावलेलं. अक्कांनी माझी वही चाळली. जिथं 'लुक' हवं तिथं 'सी', जिथं 'सी' हवं तिथं 'लुक'.

"उद्या आठवीला हे तूच शिकव."

"अक्का, हसं होईल माझं."

"दोनदा झालंच आहे ना? आणखी एकदा."

दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस मुलांसमोर मी फळ्यावर 'लुक' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मुलं खिदळू लागली. अक्का मागच्या बाकावर वह्या तपासत होत्या, मान वर करीनात. शेवटी मी वर्ग अंगणात नेला, तिथून गावचा किल्ला दिसायचा, आणि आमच्या अहिराणीत ओरडलो, "बठ्ठा देखा, किल्लाकडे! हे लुक." सगळ्या माना वळल्या. "आते सांगा, काय दिखनं?"

कोणाला बुरूज दिसला, कोणाला घार. एक मुलगी म्हणाली, "माले काहीच नही दिखनं. ऊन डोयामा जास."

"म्हणजे तू लुक केलंस, सी झालं नाही. मान वळवणं तुझ्या हातात. दिसेल तेव्हा सी."

बोललो आणि थबकलो. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मागून अक्का म्हणाल्या, "आता म्हण बरं, इंग्रजी जमत नाही म्हणून!"

खरं सांगायचं तर त्या वर्षी पेपरात लुकही आलं नाही आणि सीही नाही. पण मी घाबरलो नाही. अठ्ठावन्न गुण पडले. आयटीआय झालं, नोकरी लागली.

गेल्या उन्हाळ्यात अक्का निवृत्त होऊन जळगावला लेकीकडे निघाल्या. स्टँडवर मी माणसं मोजली: एक्केचाळीस. त्यांत दोन नर्सा, एक तलाठी, एक इंग्रजीचा मास्तर. कंडक्टर वैतागला, "एका बाईंना सोडायला एवढी गर्दी? कोण तुम्ही?"

मागून कोणीतरी छाती काढून ओरडलं, "आम्ही बठ्ठा अक्कांचे नापास!"