आधी दूध, मग शर्यत

"केनिया? अरे वा! मग तुम्ही धावत असाल!"

दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या बिल्डिंगमध्ये नवीन कुणीही राहायला आलं, की लिफ्टमध्ये केनियाच्या अंकलना हे वाक्य ऐकवायचंच. त्यावर ते दोन्ही तळवे स्वतःच्या पोटावर ठेवायचे. पोट साधंसुधं नव्हतं, लिफ्टमध्ये आधी ते शिरायचं आणि मग मालक. त्यावर दोनदा थोपटून ते म्हणायचे, "दौडनेवाला दूसरा है, भाई. मैं मिलनेवाला है."

समोरच्याला वाटायचं, गंमत केली. गंमत कसली हो! माणूस आपला हुद्दा सांगत होता.

हिंदी त्यांची शारजाची. तिथल्या औद्योगिक क्षेत्रात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रक सोडायचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की पंजाबी ड्रायव्हर, मल्याळी अकाउंटंट आणि पठाण मेकॅनिक या सगळ्यांची हिंदी त्यांच्या तोंडात सुखाने नांदायची. बायको गावी, मुलं मोठी झालेली, इथे एकटेच. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. वॉचमन वयाने त्यांच्याहून मोठा होता, तरी तोही अंकलच म्हणायचा.

आपल्या गावचा कुणी मोठा झाला, की 'आमच्याच आळीतला हो' म्हणून सांगत सुटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुरुवातीला मी अंकलना त्याच रांगेत बसवलं होतं. टीव्हीवर एखादा केनियन धावपटू फीत तोडताना दिसला, की हे शांतपणे सांगणार, "अच्छा लडका है. इसका मामा मेरा साथ स्कूल में था." बरं, एकाचा मामा ठीक आहे. प्रत्येकाचा? मी एकदा खवचटपणे विचारलं, की तुमच्या देशातले लेखक आहेत, गायक आहेत, त्यांचे मामा कुठे होते शाळेत? तर म्हणाले, "उनका मिलनेवाला कोई और होगा, भाभी. मेरा डिपार्टमेंट दौड है."

त्यांच्या गावाकडची रीत मला त्यांनीच सांगितली. शर्यत जिंकून कुणी परतलं, की विमानतळावर हारतुरे नंतर, आधी दूध. साधं दूध नव्हे. वाळवलेल्या भोपळ्याला आतून एका ठरावीक झाडाच्या काटकीचा कोळसा चोळायचा, त्यात उकळून गार केलेलं दूध ओतायचं, झाकण लावायचं आणि आंबट होईपर्यंत काही दिवस ठेवून द्यायचं. ते जिंकणाऱ्याने सगळ्यांसमोर भोपळ्यातूनच प्यायचं. गावात जिंकणाऱ्याला भेटून हे दूध द्यायचं काम अंकलचे वडील करायचे, त्यांच्या आधी आजोबा. अंकल दुबईला आले ते भोपळा बरोबर घेऊनच.

दुबईत थंडीत मोठी मॅरेथॉन होते. एका वर्षी माझ्या मुलीच्या शाळेने पोरांना पाणी वाटायला उभं केलं, म्हणून मीही डोळे चोळत गेले होते. शर्यत संपते तिथे एक उंच, काटकुळा मुलगा पहिला आला. कॅमेरे, माईक, कुणी पुष्पगुच्छ पुढे करतंय. त्या मुलाने गर्दीवरून नजर फिरवली आणि थेट कठड्याकडे चालत आला. तिथे आमचे अंकल उभे, इस्त्रीचा सफारी घालून, मण्यांनी मढवलेला भोपळा छातीशी धरून! मुलगा वाकला, भोपळा तोंडाला लावला आणि डोळे मिटून प्यायला. जगातले सगळे पेपर ज्याचा फोटो छापणार होते, तो आमच्या लिफ्टमधल्या माणसापुढे वाकला होता. माझी मुलगी म्हणाली, "आई, ही वॉज नॉट जोकिंग." मला आपलं उगाचच रडू आलं.

मागोमाग दुसरा आलेला धावपटूही कठड्याशी आला. तोही नावाजलेला, घामाने निथळत होता, भोपळ्याकडे बघून त्याने हात पुढे केला. अंकलनी भोपळ्याला झाकण लावलं आणि पिशवीतून थर्मास काढून त्याला कागदी कपात करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, ओतून दिला. घरी येताना मी त्यांना चांगलंच झापलं. एक घोट दिला असता तर काय आटलं असतं का? "दूध जीतनेवाला का," ते म्हणाले, "चाय सबका." आणि गाडीत मस्त झोपून गेले.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. दूध तयार व्हायला आठवडा लागतो, तर शर्यतीच्या आधीच भरायला हवं. त्यांच्यातलं कुणी जिंकलंच नाही तर?

"भाभी, आप मेहमान आने का बाद दही लगाते हो?"

"नाही."

"तो? पहले दूध, फिर दौड."

गेल्या वर्षी त्यांच्या गावची मुलगी इथे धावायला येणार होती. तिचं नाव तुम्हीही ऐकलं असेल, इतकी ती एके काळी मोठी. शाळेतली पहिली शर्यत जिंकली तेव्हा तिला दूध सुट्टीवर गावी गेलेल्या अंकलनीच दिलं होतं. नंतर तिच्या घोट्याचं ऑपरेशन झालं, दोन मोसम घरी बसून गेले, आणि पेपरवाल्यांनी तिचं नाव भूतकाळात लिहायला सुरुवात केली. अंकल मात्र आमच्या दारात उभे राहून खणखणीत आवाजात सांगून गेले, की ती जिंकणार आणि दूध त्यांच्या हातून पिणार.

त्या थंडीत पुण्याहून माझ्या सासूबाई आलेल्या. अंकलच्या घरात एसीवाले काम काढून बसले होते, त्यांचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी भोपळा आमच्याकडे आणून ठेवला. मी कामावर. सासूबाईंना शारजाची हिंदी कळेना आणि अंकलना पुण्याची. सासूबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं, तर काळंकुट्ट! त्यांना वाटलं, एकटा जीव बिचारा, कुठे घासत बसणार? म्हणून लाजून आपल्याकडे दिला असेल. मग काय, बाई बसल्या बाह्या सरसावून. लिक्विड सोप, गरम पाणी, तारेचा काथ्या. बाहेरूनसुद्धा सोडला नाही. मण्यांच्या पट्ट्याखाली तीन पांढरे ओरखडे उठेपर्यंत घासला.

संध्याकाळी अंकल आले, तेव्हा भोपळा ओट्यावर पालथा घातलेला होता, आणि सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या. अंकलनी तो उचलला, आत नाक घातलं. लिंबाचा वास! ते मटकन खुर्चीत बसले.

"मम्मी ने धोया," ते म्हणाले. "बहुत अच्छा धोया."

मी सासूबाईंना सगळं समजावलं. त्यांचा चेहरा खाडकन उतरला. शर्यत आठवड्यावर आलेली, मुलगी गावाहून निघायच्या बेतात, आणि तिला द्यायच्या दुधाचं भांडंच आम्ही बाटवून ठेवलेलं. पण आमच्या सासूबाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हेत. पदर खोचून म्हणाल्या, "त्यांना विचार, ती काटकी आहे का शिल्लक?"

काटकी होती, कपाटात गुंडाळून ठेवलेली. पण जाळायची कुठे? बाल्कनीत अंकलनी काडी ओढली मात्र, वॉचमन धापा टाकत वर आला. "अंकल, खलास! स्मोक अलार्म बजेगा, मेरा नौकरी जाएगा!" मग दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढली आणि बार्बेक्यूची परवानगी असलेल्या एका पार्कात गेलो. आजूबाजूला चटया टाकून लोक कबाब भाजतायत, आणि मधोमध पंजाबी ड्रेस, स्पोर्ट्स शूज घातलेल्या माझ्या सासूबाई काटकीला वारा घालतायत. शेजारच्या चटईवरून एकाने विचारलं, "हबीबी, काय शिजवताय?" अंकल म्हणाले, "मिल्क." त्याने दया येऊन आम्हाला दोन रोट्या पाठवल्या.

कोळसा आतून चोळून झाला, तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत काळे होते. पण अंकलची काळजी संपेना. भोपळ्याच्या आत, त्या काळ्या थरात, वडिलांच्या वेळेपासूनचा आंबटपणा मुरलेला होता. त्यावरच दूध लागायचं. तो साबणाबरोबर वाहून गेला. नुसत्या दुधाला आता पंधरवडासुद्धा लागेल.

"विरजण घालूया की," सासूबाई म्हणाल्या.

हे विरजण म्हणजे आमच्या घरातलं दैवत आहे. सासूबाई दर वेळी पुण्याहून डबीत घालून आणतात, कारण इथल्या दुकानातल्या दह्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मी अंकलना समजावून सांगितलं. ते बराच वेळ भोपळ्याकडे बघत बसले. वडिलांच्या भोपळ्यात परक्या घरचं दही घालायचं, म्हणजे सोपं नव्हतं ते. मग त्यांनी पोटावर दोनदा थोपटलं.

"डालो, मम्मी. थोडा."

सासूबाईंनी अर्धा चमचा घातलं. घालताना काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक गणपतीचं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे कठड्याशी. भोपळा अंकलच्या छातीशी, सासूबाई त्यांच्या शेजारी. मोबाईलवर दिसत होतं, ती मुलगी बराच काळ सर्वांच्या पुढे होती. अंकल भोपळ्याच्या झाकणाचा पट्टा सैल करायला लागले. आणि मग शेवटच्या टप्प्यात तिचा पाय वाकडा पडायला लागला. एक पुढे गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. ती चौथी आली.

ती लंगडत कठड्याशी आली. जेमतेम माझ्या खांद्याएवढी होती. सासूबाईंनी अंकलचा दंड धरला. "द्या हो तिला! एवढं केलंय आपण, आणि पोरीच्या पायाकडे बघा तरी!" मराठीतच म्हणाल्या, पण न कळण्यासारखं काही नव्हतं त्यात. अंकलनी मान हलवली. झाकण घट्ट केलं आणि थर्मास काढला.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! रीत, रीत म्हणून माणसाने किती दगड व्हावं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या मुलीने चहाचा कप घेतला आणि दुसरा हात भोपळ्यावर ठेवला. ते तीन ओरखडे तिच्या बोटांना लागले असणार, तिने वाकून पाहिले. अंकलनी सासूबाईंकडे बोट दाखवून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि ती रडता रडता फस्सकन हसली. मग चहा पिऊन संपवला, काहीतरी म्हणाली आणि गेली.

"काय म्हणाली?" मी गाडीत विचारलं, घुश्शातच.

"बोला, संभालके रखो. मैं लेने आएगी." थोड्या वेळाने ते म्हणाले, "भाभी, आज दूध देता, तो उसको मालूम पडता कि मैं भी मान गया. अंकल भी बोलता है, खलास."

मी सासूबाईंना त्याचं मराठी करून सांगितलं.

उन्हाळ्यात अंकलची नोकरी संपली, व्हिसा संपला. सगळं सामान त्यांनी वॉचमनला देऊन टाकलं. विमानात भोपळा मांडीवर घेऊन बसणार होते. तळाशी थोडं दही ठेवलं होतं, ते सुकवून आतल्या थरात जिरवलेलं. "मम्मी का है," म्हणाले. मी म्हटलं, परत या कधीतरी. "इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि लिफ्टमध्ये आधी पोट गेलं, मग ते गेले. आता त्यांच्या घरात एक तरुण जोडपं राहतं. चांगली आहेत, पण लिफ्टमध्ये फोनमधून मान वर काढत नाहीत.

परवा मुलीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आई, लुक! इजन्ट दॅट अंकल?" कुठल्याशा परदेशी शहरातली मोठी मॅरेथॉन ती मुलगी जिंकली होती, आणि व्हिडिओ तिच्या देशातल्या विमानतळावरचा होता. ढोल, नाच, ही गर्दी. अंकल दिसतच नव्हते. दिसत होता फक्त सफारीचा एक कोपरा, त्यातलं ते पोट, आणि दोन हातांत धरलेला भोपळा. मण्यांच्या पट्ट्याखाली तीन ओरखडे.

मी तो पुण्याला पाठवला आणि लगेच फोन लावला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला, परत पाहिला. ओरखड्यांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मुलगी भोपळा तोंडाला लावते तिथे थांबवून त्यांनी विचारलं, "तोंड वाकडं केलं का गं तिने? मला नीट दिसत नाही."

"हो. डोळेपण गच्च मिटले. आंबट असणार."

पलीकडे चष्म्याची डबी टपकन बंद झाली.

"मग छान लागलंय," सासूबाई म्हणाल्या.